एकवीस हजार सहाशे श्वास

(अखंड हरिनाम सप्ताह, नेवासे परिसर, जिल्हा अहिल्यानगर. कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेला निरूपणाचा भाग.)

टाळकरी मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पखवाजवाले, तुम्हीही घोटभर पाणी घ्या. आता थोडा वेळ नुसतं ऐकायचं. आणि उद्या हे कुणी पुस्तकात छापलं, तर जो वाचील त्याच्याशीही मी समोर बसूनच बोलतोय असं समजावं.

आज सेवेला घेतलेला अभंग नामाचा आहे. नाम घ्यायला काय लागतं? पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही, जात लागत नाही. हे आपण दर कीर्तनात सांगतो. पण एक वस्तू लागते, ती सांगायची राहून जाते. श्वास लागतो, माउली. श्वास असल्याशिवाय तोंडातून विठ्ठलातला 'वि'सुद्धा निघत नाही.

आपल्या योगमार्गात एक जुना हिशोब आहे. दिवसरात्र मिळून माणसाचे श्वास किती? एकवीस हजार सहाशे. करा गुणाकार. मिनिटाला पंधरा, तासाला नऊशे, चोवीस तासांचे २१,६००. आजचे डॉक्टर काय सांगतात? निरोगी माणूस स्वस्थ बसला तर मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. जुळला की नाही हिशोब? या येण्याजाण्यालाच जुन्यांनी अजपाजप म्हटलं. माळ हातात नाही, ओठ हलत नाहीत, तरी आत जप चाललेला आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात तर श्वासाचा यज्ञ सांगितला आहे. प्राण अपानात अर्पण करायचा, अपान प्राणात. ना तूप, ना समिधा. श्वास हीच आहुती.

आणि आपण बसलोय कुठे? प्रवरेच्या काठी, नेवाशाच्या भूमीत. पैस खांबाला टेकून माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली ती हीच भूमी. लिहून कुणी घेतली? सच्चिदानंदबाबांनी. त्यांची कथा तुम्हाला तोंडपाठ आहे. प्रेत बाहेर काढलेलं, पत्नी सती जायला निघालेली, वाटेत तिनं माउलींना नमस्कार केला, आणि माउलींच्या तोंडून आशीर्वाद निघून गेला. तो खरा करायला माउलींनी त्या देहात प्राण परत आणला. आता नीट ऐका. माउलींनी त्या माणसाला धन दिलं नाही, जमीन दिली नाही. श्वास परत दिला. आणि परत मिळालेल्या त्या श्वासावर सच्चिदानंदबाबांनी काय केलं? ग्रंथ लिहून घेतला.

ज्या गावात परत मिळालेल्या श्वासाचं असं सोनं झालं, त्याच गावात सप्ताहाच्या मंडपामागं आज संध्याकाळी मी सात-आठ थोटकं मोजली. हसू नका. कुणाचं नाव घेणार नाही, कारण नाव घ्यायचं तर पहिलं माझं घ्यावं लागेल.

होय, माझं. सोळाव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली. चोविसाव्या वर्षी खिशात काडेपेटी आली. कीर्तन संपलं, आरती झाली, लोक पाया पडून पंगतीला गेले, की महाराज मंडपामागं. तिथं आमचे एक गायक असायचे, वयानं मोठे, मी त्यांना दादा म्हणायचो. आवाज काय सांगू! काळी चारला असा भिडायचा की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावायच्या. ते एक विडी पेटवायचे, त्याच काडीवर मी एक. अकरा वर्षं हे चाललं. लोकांना सांगायचो, व्यसन सोडा, आणि तोंडाचा वास जावा म्हणून वेलदोडा चघळायचो.

एका वर्षी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर आम्ही चालत होतो. आपल्या जिल्ह्यातूनच वाट आहे. राहुरी मागं पडली, नगर जवळ आलं, आणि दादा मागं राहायला लागले. आधी म्हणाले ऊन आहे. मग म्हणाले चप्पल लागते. तिसऱ्या दिवशी दिंडीच्या ट्रकमध्ये बसले. अभंगाला चाल लावली आणि चरणाच्या मध्येच थांबले. ज्या माणसानं आयुष्यात कधी चरण तोडला नव्हता, तो 'विठ्ठल' म्हणून थांबला, श्वास घेतला, आणि मग पुन्हा 'विठ्ठल' म्हणाला.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तिथं एक यंत्र असतं, नळीत जोरानं फुंकायचं. छाती भरून घ्यायची आणि एका दमात रिकामी करायची. निरोगी माणूस पहिल्या सेकंदातच जवळजवळ पाऊण हवा बाहेर टाकतो. दादांची निम्मीसुद्धा बाहेर येईना. डॉक्टर म्हणाले, सीओपीडी. दादा म्हणाले, "सोपं करून सांगा." त्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो. पुढचं कीर्तन विसरलात तरी चालेल, एवढं घेऊन जा.

आपली श्वासनळी म्हणजे उलटं धरलेलं झाड. खोड एक, त्याला दोन फांद्या, प्रत्येकीला दोन, असं करत करत वीस-बावीस वेळा फाटे फुटतात. शेवटच्या डहाळीला पानांच्या जागी बारीक बारीक फुगे. किती? तीस ते पन्नास कोटी! ते सगळे उलगडून अंथरले तर सत्तर चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे फुटांचा मंडप होईल. एवढा मंडप देवानं तुमच्या बरगड्यांच्या आत घडी घालून ठेवलाय. आणि त्या फुग्याची भिंत केवढी? कागदाहून कितीतरी पातळ. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. तिथंच देवाणघेवाण चालते.

या घराला झाडणारेही ठेवलेत. नळ्यांना आतून केसाहून बारीक तंतू असतात. त्यांच्यावर चिकट पाण्याचा पातळ थर. धूळ आली की त्यात अडकते, आणि तंतू ती लाटेसारखी वर वर लोटत घशापर्यंत आणतात. रात्रंदिवस वारी चाललेली! विडीचा धूर आला की हे वारकरी जागच्या जागी लुळे पडतात. रात्री तुम्ही झोपता, विडी बंद असते, तेव्हा ते थोडे शुद्धीवर येतात आणि झाडायला लागतात. म्हणून विडी ओढणाऱ्याला सकाळी उठल्या उठल्या खोकला येतो. तो काय म्हणतो? "पहिली विडी घेतली की खोकला थांबतो." अरे बाबा, खोकला बरा झाला नाही. झाडणाऱ्याच्या डोक्यात पुन्हा काठी बसली!

मग घाण साचते. ती खायला शरीर आपल्या पेशी पाठवतं. त्या पेशी धुराशी लढताना असे रस सोडतात की त्यात फुग्याची लवचीक भिंतच विरघळते. दोन फुग्यांमधली भिंत गेली की त्यांचा एक मोठा फुगा होतो. दहाचा एक, शंभराचा एक. खोली मोठी झाली, पण भिंती गेल्या, आणि देवाणघेवाण तर भिंतीतच होत होती. शिवाय लवचीकपणा गेल्यामुळं आत गेलेली हवा बाहेर येत नाही. माणसाला वाटतं आपल्याला श्वास घेता येत नाही. खरं तर त्याला सोडता येत नाही.

त्यातच धुरातला कार्बन मोनॉक्साइड. तो रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. देवाच्या रांगेत देवाला जागा नाही, चोर आधीच बसलेला! सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं मोजली आहेत, त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी. पेशीच्या आत जो लेख असतो, कधी वाढायचं आणि कधी थांबायचं, तो लेखच ती खोडतात. थांबायचं विसरलेली पेशी म्हणजे कॅन्सर.

कुणी म्हणेल, महाराज, सिगारेट वाईट खरी, पण विडी आपली पानाची, झाडपाल्याची. उलट आहे, माउली! विडीत तंबाखू कमी, पण टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही, म्हणून ती विझू नये यासाठी वरचेवर आणि जोरानं ओढावी लागते. छातीत जाणारं डांबर, निकोटीन आणि तो चोर वायू सिगारेटपेक्षा जास्तच. पंचवीस विड्यांचं एक बंडल, एका विडीला दहा झुरके. दिवसाचे अडीचशे. तीस वर्षांचे सत्तावीस लाख! एवढं नाम घेतलं असतं तर विठोबा घरी राहायला आला असता.

दादांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "भिंती परत येतील का?" डॉक्टर खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "गेल्या त्या येणार नाहीत. राहिल्यात त्या राखू." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "महाराज, तुम्हीही फुंका." माझ्या खिशात तेव्हाही काडेपेटी होती. मी फुंकलं. आकडा माझ्या वयापेक्षा पंधरा वर्षांनी म्हाताऱ्या माणसाचा आला.

दादा आता घरी असतात. नाकाला नळी, शेजारी प्राणवायूचं यंत्र. गेल्या एकादशीला भेटायला गेलो तर म्हणाले, "विठ्ठल म्हणायला दोनदा थांबावं लागतं, पण म्हणतो." मी रडलो, माउली. ज्या काडीवर त्यांची विडी पेटली, त्याच काडीवर माझी पेटायची. त्यांचं गेलं, माझं थोडं राहिलं. ते राहिलेलं घेऊन मी तुमच्यासमोर उभा आहे.

आता इथं बसलेला एखादा आजोबा मनात म्हणत असेल, माझं वय झालं, आता सोडून काय उपयोग? ऐका. इंग्लंडमध्ये १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी चौतीस हजारांवर डॉक्टरांची नोंद ठेवायला सुरुवात केली. कोण ओढतो, कोण ओढत नाही, कोण सोडतो. पन्नास वर्षांचा हिशोब २००४ साली छापून आला. जन्मभर सिगारेट ओढणाऱ्याचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी भरलं. पण तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यानं ती जवळजवळ सगळी दहा परत मिळवली. चाळिशीत सोडली त्यानं नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडली त्यानंसुद्धा तीन. तीन वर्षं म्हणजे तीन आषाढी, आजोबा! तीन वेळा कळसाचं दर्शन. सोडून काय उपयोग, असं पुन्हा म्हणाल?

आणि फळ मिळायला फार वाट बघावी लागत नाही. सोडल्यावर दिवसभरातच रक्तातला तो चोर वायू उतरतो. काही आठवड्यांत झाडणारे तंतू कामाला लागतात. म्हणून सुरुवातीला खोकला वाढलेला वाटेल. घाबरू नका, घर झाडायला काढलंय. काही महिन्यांत दम लागणं कमी होतं. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. पडलेल्या भिंती उठत नाहीत, पण पडझड थांबते.

आता तरुण मंडळी. मागं उभे आहात ते पुढं या. तुमच्या पिढीचं नवं खेळणं आलंय, व्हेप, ई-सिगारेट. पुण्याला शिकणारा आमच्या नात्यातला एक मुलगा. सुट्टीत आला तेव्हा त्याच्या पिशवीत पेनासारखं काहीतरी सापडलं. मला म्हणाला, "मामा, हा धूर नाही, वाफ आहे. आंब्याचा वास आहे." मी म्हटलं, वाफ चहाच्या पातेल्यावर असते, ती पाण्याची. यात दोन चिकट द्रव, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. त्यात निकोटीन. वर आंब्याचं अत्तर. तार तापते, द्रवाचे तुषार होतात. तापताना त्यात फॉर्माल्डिहाइडसारखे विखारी पदार्थ तयार होतात, तारेच्या धातूचे कण मिसळतात. यात तंबाखू जळत नाही, म्हणून डांबर येत नाही, हे खरं. पण विहिरीत उडी न मारता तळ्यात मारली म्हणून कोरडा राहिलास का?

तो म्हणाला, "मामा, यातले वास खाण्यातलेच असतात." पोटाला चालतं ते छातीला चालतंच असं नाही, बाळा. अमेरिकेत मिसुरी राज्यात मक्याच्या लाह्यांचा कारखाना होता. लाह्यांना लोण्याचा वास यावा म्हणून डायअॅसिटिल नावाचा पदार्थ घालत. खाणाऱ्याला काही होत नव्हतं. २००० साली उघडकीला आलं की त्याची वाफ हुंगत काम करणाऱ्या कामगारांच्या श्वासनळ्यांची बारीक टोकं कायमची बुजली होती. हाच पदार्थ पुढं व्हेपच्या कित्येक द्रवांत सापडला. आणि २०१९ साली त्याच देशात धडधाकट पोरं धापा टाकत रुग्णालयात यायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण, त्यातले ६८ दगावले. निम्मे रुग्ण चोवीस वर्षांचे किंवा त्याहून लहान. बहुतेकांच्या व्हेपमध्ये गांजाचा अर्क होता, आणि तो घट्ट दिसावा म्हणून ई जीवनसत्त्वाचं तेल मिसळलेलं. तेच तेल कातडीला लावा, काही होत नाही. फुप्फुसात गेलं आणि जीव घेतला.

आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये ई-सिगारेटवर बंदी आली, त्याच वर्षी कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, सगळा गुन्हा. तरी चोरून मिळते. म्हणून पोलिसांवर सोडू नका, आईबापांनो. पोराचं दप्तर रागानं उपसू नका. जवळ बसवा आणि विचारा. माझ्या भाच्यानं ते पेन माझ्या हातात कधी दिलं? मी त्याला मंडपामागची माझी गोष्ट सांगितली तेव्हा.

आणखी एक प्रश्न मला हमखास येतो, विशेषतः शिर्डीकडं गेलो की. "महाराज, साईबाबा चिलीम ओढायचे, मग आम्ही का नाही?" बाबांचा अधिकार मोठा, त्याला माझा नमस्कार. पण बाबांनी दळण दळून पटकी हटवली असं भक्त सांगतात, पाण्यावर दिवे लावले असं सांगतात. भिक्षा मागून आणली आणि वाटून खाल्ली. यातलं तुम्ही काही उचललं नाही. नेमकी चिलीमच बरी सापडली! आणि माउलींच्या नावावर तर धूर खपवूच नका. माउलींच्या काळी हिंदुस्थानात तंबाखू नव्हतीच, ती पुढं तीनशे वर्षांनी पोर्तुगीजांबरोबर आली.

आयाबायांनो, तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? संबंध आहे. नवऱ्याचा, सासऱ्याचा धूर घरातल्या तान्ह्या लेकराच्या छातीत जातो. बंद खोलीत चुलीचा धूरही तेच करतो. आणि आपल्या नगरला, संगमनेरला, अकोल्याला कितीतरी माउल्या सुपात तंबाखू घेऊन विड्या वळतात. बऱ्याच जणींना दिवसाला हजारापर्यंत विड्या वळाव्या लागतात. स्वतः एकही ओढत नाहीत, तरी तंबाखूची धूळ त्यांच्या नाकातोंडात. मी त्यांच्या पोटावर बोलत नाही. त्यांच्या हाताला दुसरं काम मिळावं, हे मागणं मी विठोबाजवळ आणि तुमच्यातल्या पुढाऱ्यांजवळही मागतो.

आता सोडायची कशी? मी वैद्य नाही, माझ्यावर गुजरलं ते सांगतो. मी दोनदा सोडली आणि दोनदा परत धरली. तिसऱ्यांदा सुटली, त्याला सात वर्षं झाली. निकोटीनची ओढ खरी असते. पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप येत नाही. त्याची लाज बाळगू नका. डॉक्टरांना सांगा. निकोटीनचे च्युइंगम असतात, पट्ट्या असतात, गोळ्याही असतात. सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११२-३५६, तिथं सोडायला मदत करतात. आणि माझा उपाय? तल्लफ येते ती पाच-सात मिनिटांची. लाटेसारखी येते, लाटेसारखी जाते. माळ काढायची आणि रामकृष्ण हरी सुरू करायचं. एक माळ पुरी होईस्तोवर लाट गेलेली असते. दिवसातून वीसदा तल्लफ आली तर वीस माळा झाल्या. व्यसनानंच मला नेमात बसवलं बघा!

आज मी कुणाला हात वर करून शपथ घ्यायला सांगणार नाही. गर्दीत वर केलेला हात घरी जाईपर्यंत खाली येतो. एक छोटी गोष्ट करा. वाचणाऱ्यांनीही पुस्तक मांडीवर ठेवा आणि करा. छाती भरून श्वास घ्या, आणि तो संपेस्तोवर एका दमात जितक्या वेळा म्हणता येईल तितक्या वेळा 'विठ्ठल' म्हणा. मोजा. आकडा मनात ठेवा, कुणाला सांगू नका. पुढच्या सप्ताहाला इथंच भेटू, तेव्हा पुन्हा मोजा. तो आकडा घटला की वाढला, हे विठोबाला आणि तुम्हालाच कळेल. माझ्या दादांचा आकडा आता एक आहे. तोही अर्ध्यावर तुटतो. त्यांच्या वाट्याचं नाम आज आपण सगळ्यांनी मिळून घ्यायचं.

टाळ उचला, माउली. पखवाजवाले, धरा ठेका. भरा छाती.

विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल!